केक मध्ये बसला, की दोष हाताला

आज आठवणी सांगता सांगता थोडं भांडणार आहे, ते आधीच सांगून ठेवते.

आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या घरांत केक मध्ये बसला की पुढची वाक्यं ठरलेली असायची. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ती पाठ असतील. पहिलं, "झाकण कुणी उघडलं गं?" दुसरं, "हिच्या हाताला गुणच न्हाई." आणि तिसरं, स्वयंपाकघराच्या दारात, पुरुषमंडळी लांब आहेत बघून हळूच विचारलेलं, "अडचण असताना हात लावलीस काय?" लोणचं बुरसलं तरी हाच प्रश्न, पापड लाल झाले तरी हाच, आणि पुढे केक आला तर त्यालाही हाच लावला. केक विलायती, पण चौकशी आपली घरचीच.

मी मूळची निपाणीची. लग्न होऊन बेळगावात टिळकवाडीला आले आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. त्यामुळे माझं मत जरा रोखठोक आहे. केक बसण्याची जेवढी कारणं आहेत ती सगळी मोजता येतात. वजनकाट्यावर, चमच्यात, घड्याळात नाहीतर थर्मामीटरवर. त्यातलं एकही कारण बाईच्या हातात, नजरेत किंवा पाळीत नाही. हे एवढं साधं आहे, तरी आपल्याकडे दोन पिढ्यांच्या बायकांनी यापायी बोलणी खाल्ली.

आत काय होतं ते सांगते. घराचा स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग लावतात. काँक्रीट घट्ट होईपर्यंत भार सेंटरिंग पेलतं, मग ते काढलं तरी स्लॅब उभा राहतो. केकमध्ये हे सेंटरिंगचं काम हवा करते. लोणी-साखर फेसताना कोंडलेली हवा, सोड्याचा वायू आणि पाण्याची वाफ, अशी तिन्ही मिळून पीठ वर उचलतात. तेवढ्यात उष्णतेने अंड्यातलं प्रथिन गोठायला हवं आणि मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगायला हवा. तेच आपलं काँक्रीट. हे घट्ट होण्याआधी वायू निघून गेला की स्लॅब खाली. उष्णता कडेने आत येते, म्हणून मधला भाग सगळ्यात शेवटी घट्ट होतो. खड्डा नेहमी मध्येच का पडतो, कडेला का नाही, त्याचं उत्तर हे.

म्हणजे केक बसतो तेव्हा तीनपैकी काहीतरी झालेलं असतं. वायू फार झाला, किंवा उष्णता कमी पडली, किंवा पिठात घट्ट होण्यासारखं पुरेसं नव्हतं. बाकी सगळी कारणं यांचीच पिलावळ.

आता आपल्या बायका काय स्वयंपाकात कच्च्या होत्या का? ज्या बेळगावात घराघरात कुंदा आटवला जातो, जिथे लग्नात मांडे करणाऱ्या बायका रुमालाएवढी पारदर्शक पोळी हातावर फिरवत पालथ्या खापरावर टाकतात, तिथे हाताला गुण नाही म्हणणं हाच मुळात विनोद. पण कुंद्याचं आणि केकचं गणित उलटं आहे. कुंदा उघड्या कढईत होतो. रंग बघा, आच कमी करा, साखर चाखा, पुन्हा ढवळा. आपला 'अंदाज' म्हणजे खरंतर क्षणाक्षणाला केलेली दुरुस्ती असते. केकचं भांडं एकदा आत गेलं की दुरुस्तीला जागाच नाही. जे काय ठरायचं ते आत जाण्याआधी ठरलेलं असतं. आयुष्यभर अंदाजाने उत्तम स्वयंपाक केलेल्या बाईला आपण एके दिवशी बंद डब्याचा पदार्थ करायला लावला, मोजायचं साधन दिलं नाही, आणि वर परीक्षा घेतली.

साधन म्हणजे काय होतं, आठवा. अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन, झाकणाला काचेची गोल खिडकी, आत कॉइल. तापमानाचा काटा नाही. काही घरांत तोही नाही, मग जुन्या कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी आणि रबर काढून, त्यात भांडं. किती तापलंय ते झाकणाला हात लावून ठरायचं.

आता माझ्या भांडणाचं मूळ. 1984 साली निपाणीत आमच्या घरी पुतण्याचा पहिला वाढदिवस होता. थोरल्या वैनींनी संध्याकाळी केक लावला. पाव्हणे यायच्या वेळेला, म्हणजे सातच्या सुमाराला. अर्ध्या तासाने बघितलं तर बशीसारखा बसलेला. वैनी गडहिंग्लजकडच्या, लग्नाला तीन वर्षं झालेली. चुलतीने सगळ्यांसमोर ती तिन्ही वाक्यं ऐकवली. तिसरं तर मोठ्यानेच.

मी तिथेच उभी होते आणि माझं लक्ष दिव्याकडे होतं. बल्ब इतका मंद झाला होता की आतली तार लालसर दिसत होती. सांजेला आजूबाजूच्या शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज असंच खाली यायचं. आता हिशोब बघा. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 230 व्होल्टच्या जागी 180 आले तर आपल्याला वाटतं वीस-बावीस टक्केच कमी झालं. उष्णता मात्र साठ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे ओव्हन जवळजवळ निम्म्यावर आलेला. सोडा आपलं काम करून मोकळा झाला, वायू वर येऊन निघून गेला, आणि मैदा अजून कच्चाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, तोच मैदा, तीच वाटी, तोच ओव्हन घेऊन वैनींकडून पुन्हा केक करून घेतला. टम्म फुगला. मी चुलतीला नेऊन दाखवला, व्होल्टेजचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता शिकलेल्या पोरी लाइटीला नावं ठेवायल्यात बघा." झालं. पाव्हण्यांसमोर निकाल आदल्या दिवशीच लागला होता. वैनींनी त्यानंतर केकला हात लावला नाही. घरात कुणी केक करत असलं की त्या परसात जाऊन बसायच्या. पुढची वीस वर्षं.

वाढदिवसाचा केक नेहमी संध्याकाळीच का बिघडायचा, याचं उत्तर आपल्या भागातल्या कितीतरी घरांत ह्या मंद बल्बमध्ये असेल, असं मला ठाम वाटतं. तुमच्या आठवणीतला बसलेला केक किती वाजता लावला होता, ते जरा आठवून बघा.

भट्टीची गोष्ट वेगळी. दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीत जायचं, पत्र्याचे ट्रे, त्यावर नावाची चिठ्ठी, आणि रांग. ते दिवस कोण विसरेल! लाकडाच्या भट्टीत पहिल्या कडक आचेत पाव निघतात, मग उतरत्या आचेत बिस्किटं आणि नानकटाई. नानकटाईला ही उतरती आच अगदी सोसते, तिला उभं राहायचंच नसतं. पण काही हौशी घरांतून त्याच रांगेत केकचं पीठही जायचं. दही आणि सोडा एकत्र आला की वायू त्याच मिनिटाला सुटायला लागतो. सायकलवरून भट्टीपर्यंत, मग तासभर रांगेत, आणि शेवटी मंदावलेल्या आचेत. तो केक घरी येईपर्यंत चपटा झाला तर नवल काय? नानकटाई झकास आणि केक बसलेला, दोन्ही एकाच हातचे. तरी दोष हाताला!

आणखी एक आपल्या हवेचं. बेळगावचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, मिठाचं पाणी होतं. बेकिंग पावडर म्हणजे सोडा, कोरडं आम्ल आणि थोडा स्टार्च. डब्यात दमट हवा गेली की ती आतल्या आत थोडी थोडी काम करून टाकते. मग केक फुगत नाही, दडस होतो. बाई काय करणार? पुढच्या वेळी पाऊण चमचा जास्त. जमतं. तेच माप डोक्यात पक्कं बसतं. ऑक्टोबरात नवा डबा येतो, माप जुनंच पडतं, आणि केक आधी भराभर वर येऊन मग धाडकन खाली. बुडबुडे इतके मोठे होतात की एकमेकांत मिसळून फुटतात. साधारण एक कप मैद्याला एक सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर पुरते. नुसता सोडा असेल तर पाव चमचा, कारण तो पावडरीपेक्षा तीन-चार पट जोरकस. आपल्याकडे 'फुगायला हवा' म्हणून चिमूटभर वर टाकायचीच सवय, आणि तीच चिमूट घात करते. पावडर जिवंत आहे का ते बघायचं असेल तर अर्धा चमचा गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तर ठीक, नाहीतर डबा बदला. माप मात्र वाढवू नका.

मापावरून आठवलं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 साली आली आणि वाटी-चमच्याचं प्रमाण मराठी घरात रुजलं. फार मोठं काम झालं ते. भाजी-आमटीला वाटी छान चालते, कारण पुन्हा तेच, चाखून सुधारता येतं. पण केकची कृती बहुतेक वेळा बाहेरून आलेली. कुणाच्या आतेबहिणीने अमेरिकेहून लिहून पाठवलेली, कुणी कॅम्पातल्या ख्रिस्ती शेजारणीकडून उतरवून घेतलेली. त्यातला कप 240 मिलीलीटरचा, आणि आपला कप म्हणजे चहाचा, जो दीडशेचाही असतो. चमच्याची तर त्याहून गंमत. छोटा 5 मिलीलीटर, मोठा 15. वहीत दोन्हींना नुसतं 'चमचा' लिहिलं की सोडा एका फटक्यात तिप्पट. साखरेचंही तसंच. एक कप दाणेदार साखर दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते, एक कप पिठीसाखर एकशेवीसच्या आसपास. कपभर पिठीसाखर लिहिलेल्या ठिकाणी कपभर साखर मोजून मग दळली, तर ऐंशी ग्रॅम साखर जास्त गेली. आणि साखर जास्त झाली की अंड्याला गोठायला आणि स्टार्चला फुगायला जास्त उष्णता लागते, म्हणजे काँक्रीट आणखी उशिरा घट्ट होतं. अंड्याचंही बघा. अमेरिकेतलं मोठं अंडं टरफलासकट 57 ग्रॅमच्या घरात, आपलं बरेचदा पन्नासच्या आसपास. 'चार अंडी' म्हटल्यावर सरळ अर्ध्या अंड्याचा फरक.

अंड्यावरून येते बिनअंड्याच्या केकवर. निपाणी-चिक्कोडीकडे जैन शेजार मोठा, बेळगावात लिंगायत शेजार, आणि आपल्यातही कितीतरी घरांत अंडं चालत नाही. तेव्हा कंडेन्स्ड मिल्कचा नाहीतर दह्याचा केक. काही लोक म्हणतात की बिनअंड्याचा केक बसणारच. मला हे अजिबात मान्य नाही. त्याला सांगाड्यातला एक खांब कमी असतो हे खरं, म्हणून तो चूक कमी सोसतो, एवढंच. 1843 साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधवाल्याने बेकिंग पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडं आणि यीस्ट दोन्ही सोसत नव्हतं. बायकोला सोसत नाही म्हणून नवरा प्रयोगाला बसला, हे मला त्या पावडरीपेक्षा जास्त आवडलं. असो. बिनअंड्याच्या केकला भांडं उथळ घ्या, अर्ध्यापर्यंतच भरा, ओव्हन आधी तापवून तयार ठेवा, आणि दही-सोडा एकत्र झाला की फोनवर बोलत बसू नका. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घराघरात झालेले बिस्किटांचे केक बसले त्याचं कारणही यातलंच. बिस्किटाच्या चुऱ्यात साखर आणि तूप आधीच भरलेलं, त्यावर आपण आणखी साखर घातली, आणि फ्रूट सॉल्ट टाकून फोटो काढत बसलो.

आता एक नवीन सबब निघालीय. आमचे परदेशातले भाचे म्हणतात, "मावशी, बेळगाव उंचावर आहे ना, म्हणून केक बसतो." उंचीवर हवेचा दाब कमी, वायू जास्त पसरतो, हे बरोबर. पण बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर आहे आणि कृतीत बदल करायला सांगतात ते तीन हजार फुटांच्या वर. इथे पाणी शंभरऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. सोडा आधीच जास्त पडला असेल तर हा फरक त्यात भर घालेल, खरं एकट्याने केक पाडायची ताकद त्यात नाही. बाईला दोष द्यायचा सोडून डोंगराला दिला, ही प्रगतीच म्हणायची, पण मोजमाप अजून राहिलंच.

झाकण उघडण्याबद्दल मात्र जुन्या बायका बरोबर होत्या, हे कबूल केलं पाहिजे. पहिल्या पाऊण भागात उघडलं तर आतली गरम हवा निघून जाते आणि कच्चा मध्य बसतो. फक्त त्या गोल ओव्हनमध्ये काचेवर वाफ धरायची, आत काही दिसायचं नाही, तर बाईने झाकण उघडू नये तर काय करावं?

केक बसलाच तर ओरडाआरडा न करता तो कापून बघा. मध्ये ओलसर, चिकट पट्टा दिसला तर तो कच्चा राहिला, आच कमी पडली किंवा घाईने काढला. आत सुका, मोठमोठी भोकं, चव जराशी साबणासारखी, रंग काळपट, तर सोडा जास्त. वरून करपलेला, चिरलेला आणि मध्ये कच्चा, तर आच जास्त. इतकं स्पष्ट लिहून ठेवलेलं असतं त्यात, कुणाची चौकशी करायची गरज काय?

हे सगळं आता एवढ्या तावातावाने लिहायचं कारण, वैनींची मुलगी. ती बेळगावात घरून केकच्या ऑर्डरी घेते. तिच्यासाठी बसलेला केक म्हणजे नुसती थट्टा नाही, हातची ऑर्डर जाते, सामान वाया जातं आणि महिन्याच्या हिशोबात भोक पडतं. तिने पहिल्या कमाईतून दोनच वस्तू घेतल्या, डिजिटल वजनकाटा आणि ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर. ओव्हनचा काटा 180 दाखवत होता तेव्हा आत 155 होतं, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. मोजून घेणाऱ्या पोरीला घरातले म्हणतात, "एवढं काय ग्रॅम ग्रॅम करायलीस, आमच्या आज्ज्या काय तोलत होत्या?" मला या वाक्याचा फार राग येतो. आज्ज्यांना काटा दिला असता तर त्या आनंदाने तोलल्या असत्या. सोनं तोलतो, तंबाखू तोलतो, निपाणीच्या बाजारात तर तंबाखूच्या पानावरून आयुष्यं तोलली गेली, आणि बाईने मैदा तोलला की मात्र ती नाजूक आणि नखरेल? घरात केक करणारी कुणी असेल तर तिला वाढदिवसाला साडी देऊ नका, काटा द्या. साडी आवडते तिला, मान्य. दोन्ही द्या.

सीमाप्रश्न 1956 पासून लोंबकळतोय, तो आपल्या हातात नाही. वैनींना मात्र मी दोन वर्षांपूर्वी हे सगळं, व्होल्टेजच्या वर्गासकट, कागदावर मांडून पुन्हा दाखवलं. त्या आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. चष्मा लावून आकडे वाचले, म्हणाल्या, "तेव्हा चुलतीला दाखवायला पाहिजे होतं की." दाखवला होता, अख्खा केक दाखवला होता, तेही आठवण करून दिलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "व्हय, तो चांगला झालता."

अजून त्या स्वतः करत नाहीत. पण लेकीच्या काट्यासमोर बसून मैदा तोलून देतात आणि पाच ग्रॅम जास्त झाला तर चमच्याने काढतात. आणि एखादा केक बसलाच, तर त्या खड्ड्यात कुंदा भरायची कल्पना त्यांचीच. पूर्ण गार झाल्यावर भरा, नाहीतर मऊ होऊन खाली उतरतो.